‘बिचारी’ म्हणू नका!

गेल्या दिवाळीतली गोष्ट आहे. भाऊबिजेची जेवणे आटोपून घरातली मंडळी सतरंजीवर सैलावली होती. पानाचे तबक फिरत होते आणि पोटात तीळभर जागा नसल्याची ग्वाही देत देत चिरोट्यांचा डबाही फिरत होता. माझी धाकटी पुतणी नुकतीच विलायतेहून परतलेली. येताना तिने लंडनच्या नॅशनल गॅलरीतून एका चित्राची भली मोठी छापील प्रत आणली होती. ‘काका, याच्यासमोर मी अर्धा तास उभी होते!’ असे म्हणत तिने ती सतरंजीवर पसरली, आणि इतका वेळ चाललेला गलका एकदम थांबला.

चित्रच तसे आहे. पॉल दलारोश या फ्रेंच चित्रकाराने ते १८३३ साली रंगवले. नाव ‘लेडी जेन ग्रेचा वध’. मूळ चित्र सुमारे आठ फूट उंच आणि पावणेदहा फूट रुंद आहे. म्हणजे त्यातली माणसे जवळजवळ तुमच्याआमच्याएवढीच. एक काळोखी दगडी दालन. मधोमध पांढऱ्याशुभ्र रेशमी वस्त्रातली एक कोवळी मुलगी उशीवर गुडघे टेकून बसली आहे. डोळ्यांवर पट्टी. दोन्ही हात पुढे करून ती काहीतरी चाचपडते आहे. ज्याच्यावर मान ठेवायची तो लाकडी ओंडका तिला सापडत नाही. पाठीमागून एक वयस्क गृहस्थ वाकून, एखाद्या आजोबाने नातीला धरावे तसा तिला आधार देत आहे. डावीकडे दोन दासी. एक भिंतीकडे तोंड करून उभी, दुसरी मालकिणीचा उतरवलेला शालू आणि दागिने मांडीवर घेऊन गलितगात्र झालेली. उजवीकडे कुऱ्हाड घेतलेला मारेकरी. त्याचाही चेहरा उतरलेला. खाली रक्त शोषून घेण्यासाठी गवताचा पेंढा पसरला आहे.

‘बिचारी!’ वहिनी म्हणाल्या. ‘बिचारी ग!’ शेजारच्या काकू म्हणाल्या. आमच्या भावजींनीही घसा खाकरला. पुतणीने माहिती पुरवली, की ही इंग्लंडची राणी, राज्य अवघे नऊ दिवसांचे, वय सोळा-सतरा. त्यासरशी आणखी चार ‘बिचारी’ पडल्या. आमची थोरली आत्या तेवढी गप्प होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची ही बाई चष्म्याची काच पदराला पुसून पुसून चित्र पाहात होती. मग तिने विचारले, ‘राणी होती म्हणता, मग हिनं केलं काय ते सांगा की!’

कोणालाच सांगता आले नाही. ज्या पुतणीने अर्धा तास त्या चित्रासमोर काढला होता तिलाही नाही. आणि दोष तिचा नव्हे. दोष त्या चित्राचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दलारोशचे हे चित्र म्हणजे एका बुद्धिमान, तिखट आणि मानी राणीवर केलेला सफाईदार अन्याय होय. आणि आपल्या तोंडून निघणारा ‘बिचारी’ हा शब्द म्हणजे त्या अन्यायावर आपण उमटवलेली मोहोर. सणासुदीच्या दिवशी भांडण उकरून काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. लाडू खाता खाता भांडावे अशाच योग्यतेचा हा विषय आहे.

आधी आत्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. हिने केले काय?

जेन ही इंग्लंडच्या सातव्या हेन्रीची पणती. आठव्या हेन्रीच्या धाकट्या बहिणीची नात. तिचा बाप हेन्री ग्रे पुढे सफोकचा ड्यूक झाला. लेस्टरशायरमधल्या ब्रॅडगेट येथे या घराण्याचा वाडा होता. १५५० च्या उन्हाळ्यात रॉजर अ‍ॅस्कम हा त्या काळचा नामांकित पंडित तिथे गेला. घरची सारी थोर मंडळी रानात शिकारीला गेली होती आणि तेरा-चौदा वर्षांची जेन खोलीत एकटी बसून प्लेटोचा ‘फीडो’ मूळ ग्रीकमध्ये वाचत होती. त्याने विचारले, की बाई, तू खेळायला का गेली नाहीस? तेव्हा तिने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की प्लेटोत मला जे सुख मिळते त्याची त्यांच्या शिकारीत सावलीही नाही. आईबापांसमोर बसणे, बोलणे, खाणे, शिवणे, काहीही करायचे म्हटले तरी ते नेमके त्यांच्या मापाचे हवे, नाहीतर चिमटे आणि चापट्या ठरलेल्या. आणि माझे गुरू एल्मर मात्र इतक्या मायेने शिकवतात, की त्यांच्यापाशी गेले म्हणजे बाकीचे जग विसरते. अ‍ॅस्कमने ही भेट आपल्या ‘स्कूलमास्टर’ या ग्रंथात लिहून ठेवली. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५७० साली छापला गेला. ज्या घरात मुलीला पुस्तकात डोके घालून बसल्याबद्दल बोलणी खावी लागतात, त्या घरातल्या कोणाही मुलीने ही भेट वाचावी आणि आपली एक मैत्रीण चारशे-पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेली हे ओळखावे.

झुरिकच्या बुलिंगर या धर्मपंडिताशी तिचा लॅटिनमधून पत्रव्यवहार होता. हिब्रू भाषेचाही तिने ध्यास घेतला होता. १५५३ च्या मे महिन्यात तिचे लग्न लावून देण्यात आले. नवरा गिल्फर्ड डडली, आणि सासरा नॉर्थम्बरलंडचा ड्यूक. म्हणजे त्या घटकेला इंग्लंडचा खरा कारभारी. कारण गादीवरचा सहावा एडवर्ड हा पंधरा वर्षांचा पोर आणि तोही मरणाला टेकलेला. कायद्याप्रमाणे त्याच्यामागून त्याची सावत्र बहीण मेरी हिने राणी व्हायचे. परंतु मेरी कॅथॉलिक आणि हे सारे प्रॉटेस्टंट. एडवर्डने वारसाहक्काचा एक कागद स्वहस्ते लिहिला होता. त्यात प्रथम गादी जाणार होती जेनच्या पोटी पुढे येणाऱ्या मुलग्यांकडे. मुलगे तर अजून झालेलेच नव्हते आणि राजाचा श्वास संपत आला होता. तेव्हा त्या ओळीत खाडाखोड झाली, आणि ‘जेनच्या मुलग्यांना’ याऐवजी ‘जेनला आणि तिच्या मुलग्यांना’ असे झाले. तो कागद आजही आहे. एका मुलीचे मरण एवढ्याशा खाडाखोडीत ठरून गेले!

६ जुलैला एडवर्ड वारला. मुकुट पुढे आला तेव्हा ती रडली, जमिनीवर कोसळली. राज्य माझे नव्हे, मेरीचे आहे, असे म्हणाली. घरच्यांनी एकमुखाने गळ घातली. १० जुलैला तिच्या नावाची द्वाही फिरली. इथवर ती ‘बिचारी’ आहे, हे मला मान्य आहे. पुढचे ऐका.

राणी झाल्यावर तिला सांगण्यात आले, की तुझ्या नवऱ्यासाठीही एक मुकुट करू. तिथे या मुलीने पाय रोवला. तुरुंगातून तिने मेरीला जे निवेदन लिहिले त्याच्या इटालियन प्रती उरल्या आहेत, त्यांत हा सारा प्रसंग आहे. नवऱ्याला ड्यूक करीन, राजा करणार नाही. करायचाच तर पार्लमेंटने करावा, असे तिने बजावले. नवरा रुसला, सासू खवळली, मुलाला घेऊन निघून जायला निघाली. जेनने सरदार पाठवून त्याला थांबवले. दिवसा माझ्या शेजारी त्याची जागा ठरलेली आहे, रुसवे रात्रीचे! ज्या सासऱ्याने हिला कळसूत्री बाहुली म्हणून गादीवर बसवली, त्याचा बेतच हिने पहिल्या दोन-चार दिवसांत उधळला. ‘राणी जेन’ अशी सही करून तिने हुकूमही सोडले; मेरीच्या विरुद्ध सरदारांनी आपली बाजू धरावी म्हणून पत्रे धाडली. ती सही असलेले कागद आजही पाहायला मिळतात. याचा अर्थ ती निष्पाप बाळ नव्हती. तिने राज्य पत्करले होते आणि पत्करल्यावर चालवायला घेतले होते.

परंतु लोक मेरीच्या बाजूला गेले. दरबारी मंडळींनी वारा ओळखून तोंडे फिरवली आणि १९ जुलैला मेरीची द्वाही फिरली. ज्या टॉवरमध्ये जेन राणी म्हणून राहायला आली होती, त्याच टॉवरमध्ये ती कैदी झाली. ऑगस्टमध्ये सासऱ्याचे डोके उडवले गेले. मरण्यापूर्वी या धर्मरक्षक महाशयांनी आपला धर्मच सोडला आणि कॅथॉलिक पंथ पत्करला, जीव वाचेल या आशेने. पुढे थोड्याच दिवसांत टॉवरमधल्या एका घरी जेवणाच्या पंक्तीला जेन होती आणि त्याच पंक्तीला एक निनावी बखरकारही होता. त्याने तिचे बोलणे टिपून ठेवले आहे. सासऱ्याविषयी ती जे बोलली त्यात कडवट हसू आहे. ज्या माणसाने आयुष्य उपभोगले त्याला जगण्याची एवढी हाव असावी याचे तिला नवल वाटले. आणि मी तर कोवळ्या वयाची, मी जीवासाठी धर्म सोडावा काय, हा विचारही तिला सहन झाला नाही.

नोव्हेंबरमध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये खटला झाला. ती चालत गेली, अंगावर काळा पोशाख, हातात उघडे पुस्तक. शिक्षा मरणाची झाली. पण मेरी तिला मारायला राजी नव्हती. १५५४ च्या आरंभी मेरीच्या स्पॅनिश लग्नाविरुद्ध वायटचे बंड उठले, आणि त्यात कोण सामील व्हावे? जेनचा जन्मदाता बाप! एकदा क्षमा मिळालेला हा गृहस्थ पुन्हा घोड्यावर बसला आणि लेकीची मान त्याने कुऱ्हाडीखाली दिली. मेरीने आपला धर्मगुरू फेकनम याला जेनकडे पाठवले. पंथ बदलील तर बरे, एवढ्यासाठी वधाची तारीखही तीन दिवस पुढे गेली. फेकनम विद्वान होता, वयाने मोठा होता. कैदेतल्या या पोरीने त्याच्याशी श्रद्धा आणि कर्म, धर्मसंस्कार सात की दोन, यांवर मुद्द्याला मुद्दा लावून वाद घातला. तो वाद पुढे छापून निघाला. तिचे मत आपल्याला पटो न पटो. मरण दारात उभे असताना डोके असे थंड ठेवणे हे शंभरातल्या एकालाही साधत नाही.

आता १२ फेब्रुवारी १५५४ ची सकाळ. आधी टॉवरबाहेर नवऱ्याचा वध झाला. त्याचे धड गाडीत घालून परत आणले ते तिने पाहिले. मग ती निघाली. त्या निनावी बखरकाराने लिहून ठेवलेले आणि दलारोशने रंगवलेले, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

बखर म्हणते, वध झाला टॉवरच्या आतल्या हिरवळीवर, उघड्यावर. चित्रात काळोखे दालन आहे. बखर म्हणते, खटल्याच्या वेळी होता तोच पोशाख तिच्या अंगावर होता. आणि तो काळा होता. चित्रात ती पांढऱ्या रेशमात उजळून निघाली आहे. बखर म्हणते, दासी हुंदके देत होत्या, पण हिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. प्रार्थनेचे पुस्तक वाचत वाचत ती चौथऱ्यापर्यंत गेली. तिथे तिने जमलेल्या लोकांना उद्देशून भाषण केले. राणीविरुद्ध जे झाले ते बेकायदा होते हे तिने कबूल केले. पण मी ते मागितले नव्हते, त्या बाबतीत माझे हात धुतलेले आहेत, असेही तेवढ्याच स्वच्छपणे सांगितले. मग फेकनमला विचारून तिने एक स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. हातमोजे आणि रुमाल दासीला दिले. पुस्तकात टॉवरचा अधिकारी सर जॉन ब्रिजेस याच्यासाठी चार ओळी लिहिलेल्या होत्या, ते पुस्तक त्याच्या भावाच्या हाती दिले. मारेकरी पोशाख उतरवायला मदत करू लागला तेव्हा त्याला दूर राहायला सांगितले. त्याने क्षमा मागितली, ती दिली. काम चटकन उरकायला सांगितले. मान ठेवण्यापूर्वीच घाव घालणार नाहीस ना, एवढे विचारून घेतले. आणि रुमाल स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोळ्यांवर बांधला.

त्यानंतर तो क्षण आला. डोळे झाकलेले, ओंडका सापडेना. काय करू, कुठे आहे तो, असे तिने विचारले आणि जवळ उभ्या असलेल्यांपैकी एकाने तिला तिथवर नेले.

तो क्षण खरा आहे, हे मी नाकारीत नाही. बखरकाराने तो लिहिला आहे आणि वाचताना काळजात चर्र होते. पण त्या सकाळी बोलणारी, देणारी, क्षमा करणारी, विचारणारी, स्वतःच्या हाताने पट्टी बांधणारी राणी शेवटी अंधारात चाचपडली म्हणून तो क्षण हृदयाला भिडतो. पाठीमागचा सारा ताठा काढून घेतला तर उरते ती आंधळी कोशिंबीर खेळताना वाट चुकलेली पोर. दलारोशने नेमके हेच केले. एका आयुष्यातून, एका सकाळीतून त्याने तेवढी दहा पळे उचलली, काळा पोशाख पांढरा केला, पुस्तक नाहीसे केले, फेकनम नाहीसा केला, लोक नाहीसे केले. ज्यांच्याशी ती बोलली ते सर्व गेले आणि जे तिच्यासाठी रडले तेवढे राहिले.

माझी याहून मोठी तक्रार निराळीच आहे. त्या चित्रातले पुरुष पाहा. एक तो प्रेमळ आधार देणारा. दुसरा तो मारेकरी; त्यालाही वाईट वाटते आहे. दोघेही किती भले! मग या मुलीला मारले कोणी? बाप चित्रात नाही. सासरा चित्रात नाही. कागदावर खाडाखोड करणारा राजा चित्रात नाही. गळ घालणारे आणि नंतर तोंड फिरवणारे दरबारी चित्रात नाहीत. पाहणाऱ्याच्या मनात फार तर ‘ती दुष्ट मेरी’ एवढे नाव येते, म्हणजे पुन्हा बाईच! जिथे सगळेच हळहळतात तिथे अपराधी कोणी उरत नाही. आपल्याकडे सासरी सून जळाली म्हणजे तिच्या दारात सारा गाव ‘बिचारी’ म्हणत जमतो आणि पंचनाम्याला सही करायला एकही जण पुढे होत नाही. त्या गर्दीची आणि या चित्राची जात एकच.

कोणी म्हणेल, एका चित्रावरून चित्रकाराला फासावर चढवू नका. ठीक आहे, त्याची आणखी चित्रे घ्या. १८२४ साली त्याने जोन ऑफ आर्क रंगवली. सैन्याच्या पुढे निशाण घेऊन धावलेली ही पोर त्याने कुठे दाखवली? तुरुंगात, आजारी, साखळदंडात, समोर चौकशी करणारा कार्डिनल. १८२८ साली इंग्लंडची पहिली एलिझाबेथ रंगवली. चव्वेचाळीस वर्षे राज्य केलेली, स्पेनचे आरमार परतवलेली ही राणी त्याला कोणत्या घटकेला रंगवावीशी वाटली? मरणाच्या, जमिनीवर उशांत पडलेली. १८३३ साली जेन. १८५५ साली, स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, एक ख्रिस्ती हुतात्मा तरुणी. हात बांधून नदीत लोटलेली, पाण्यावर तरंगणारे तिचे प्रेत. आता १८३१ चा क्रॉमवेल पाहा. राजाच्या शवपेटीचे झाकण उघडून तो उभा आहे आणि विचार करतो आहे. पुरुषाला विचार, बाईला पेंढा!

न्याय म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८५१ साली त्याने न्यायासनासमोरून परतणारी मारी आंत्वानेत रंगवली. ती मात्र ताठ मानेने चालते आहे. म्हणजे राणीला उभी रंगवण्याची विद्या त्याच्या हातात होती. जेनच्या वेळी त्याने ती वापरली नाही, एवढेच.

दलारोशच्या वकिलांचे यावर एक उत्तर आहे, आणि ते पोकळ नाही. ते म्हणतात, हे चित्र इंग्लंडचे नव्हेच. ते पॅरिसचे आहे. फ्रान्सने १७९३ साली आधी राजाचे आणि मग राणीचे डोके उडवले. दलारोश जन्मला १७९७ साली. १८३४ च्या प्रदर्शनात या चित्रापुढे जी गर्दी लोटली तिच्यातल्या म्हाताऱ्यांनी ती गिलोटिन डोळ्यांनी पाहिली होती. स्वतःच्या राणीसाठी उघड रडण्याची चोरी होती म्हणून त्यांनी परक्या राणीच्या आडून रडून घेतले. हे मला पटते. घरच्या मयताला न रडलेला माणूस नाटकात रडतो, हे आपणही पाहिले आहे. आणि दलारोश नाटकवालाच होता. छोटे रंगमंच करून, त्यांत पुतळ्या मांडून तो चित्राची योजना आखत असे.

तरीही मी विचारतो, रडायचे होते फ्रान्सला, मग मान जेनची का वापरली? राजकारणी पुरुषांनी तिला गादीसाठी वापरली, बापाने बंडात पणाला लावली, पुढे प्रॉटेस्टंटांनी हुतात्मा म्हणून आणि तीनशे वर्षांनी फ्रेंचांनी अश्रूंसाठी. हिचे स्वतःचे असे काही कोणी शिल्लकच ठेवायचे नाही काय?

दुसरे उत्तर नेहमीचे: कलावंताला स्वातंत्र्य असते, चित्र म्हणजे बखर नव्हे. कबूल. हिरवळीचे दालन करा, खुशाल करा. सकाळची रात्र करा. स्वातंत्र्य घेऊन जर तुम्ही सत्याच्या गाभ्यापाशी गेलात तर मी टोपी काढीन. परंतु स्वातंत्र्य घेऊन बोलणारीला मुकी आणि वाचणारीला आंधळी करायचे, हे कसले स्वातंत्र्य? आणि इथे परिणाम साधा नाही. जेनच्या हयातीत काढलेले, निर्विवादपणे तिचेच म्हणता येईल असे एकही चित्र जगात सर्वमान्य झालेले नाही. तेव्हा दलारोशने दिला तोच तिचा चेहरा होऊन बसला आहे, आणि त्या चेहऱ्याला डोळे नाहीत.

चेहरे असेच रुजतात. दलारोशची चित्रे कोरून छापलेल्या प्रतींतून युरोपच्या घराघरांत गेली. आपल्याकडे १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला, आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती त्यांच्याच रूपाने येऊन बसल्या. आजही डोळे मिटले की तीच लक्ष्मी दिसते. भिंतीवरचे चित्र पोथीहून बलवत्तर असते, कारण पोथी उघडावी लागते आणि चित्र आपसूक डोळ्यांत शिरते. म्हणून चित्राशी भांडावे लागते.

या चित्राची स्वतःची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. देमिदॉफ नावाच्या धनिकाने ते घेतले, फिरत फिरत इंग्लंडला आले आणि १९०२ साली एका सरदाराच्या मृत्युपत्रान्वये राष्ट्राच्या मालकीचे झाले. जानेवारी १९२८ मध्ये थेम्सला पूर आला, टेट गॅलरीच्या तळघरांत पाणी शिरले आणि चित्र नष्ट झाले असे सर्वांनी धरले. १९७३ साली एक अभ्यासक जॉन मार्टिन या चित्रकाराचा पाँपेई शहराच्या नाशाचा पट शोधत होता. त्या गुंडाळलेल्या पटाच्या आत ही गुंडाळी सापडली, जवळजवळ जशीच्या तशी! पंचेचाळीस वर्षे काळोखात गुंडाळून पडलेली राणी पुन्हा भिंतीवर आली, आणि आज ती त्या संग्रहालयातल्या सर्वांत लोकप्रिय चित्रांपैकी एक आहे. चित्र वाचले याचा मला आनंदच आहे. ते जाळा, उतरवा, असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. रेशमावरचा तो प्रकाश, पेंढ्याची ती एकेक काडी, हाताच्या बोटांची ती घालमेल, हे ज्याच्या हातून उतरते तो सामान्य कारागीर नाही. माझे भांडण एवढेच, की एका गुंडाळीतून बाहेर आलेली ही राणी दयेच्या दुसऱ्या गुंडाळीत अजून तशीच पडली आहे.

दया ही मोठी गोष्ट आहे, पण ती स्वस्तही आहे. ‘बिचारी’ म्हणणाऱ्याला पुढे काही विचारावे लागत नाही. तिने काय वाचले, काय नाकारले, कोणाला उलट उत्तर दिले, तिला इथे कोणी आणून बसवले, यांतले काहीच विचारावे लागत नाही. पदराच्या टोकाने डोळा टिपला की हिशेब संपला. आपल्या घरातल्या बायकांच्या बाबतीतही आपण हेच करतो. अकाली गेलेल्या मावशीची, माहेरी परतलेल्या आत्येबहिणीची, शिकता शिकता शाळेतून काढून बोहल्यावर उभी केलेल्या आजीची आठवण निघाली की सगळे मिळून ‘बिचारी’ म्हणतो, आणि तिच्या ट्रंकेतल्या वह्या रद्दीत जातात.

त्या भाऊबिजेला मी आत्याला हे सारे सांगितले. इतक्या तपशिलाने नव्हे, पण सांगितले. मुकुटाला नकार दिला तिथे ती हसली. बापाचे ऐकून ‘मेला!’ म्हणाली. रुमाल स्वतःच बांधला इथे मात्र तिने चष्मा काढला. थोड्या वेळाने म्हणाली, ‘मग हे चित्र उलटं लावा. नाहीतर खाली लिहा, की ही वाचत होती.’

पुतणीने तसे केले आहे. चित्र तिच्या अभ्यासाच्या मेजावर सुलटेच लावलेले आहे. पण खाली कागदाची एक पट्टी चिकटवली आहे, आणि तिच्यावर शाईने लिहिले आहे: ‘राणी जेन. प्लेटो ग्रीकमध्ये वाचत असे. नवऱ्याला राजा केले नाही. पट्टी स्वतः बांधली.’ परवा कोणी पाहुणी आली, चित्राकडे बघून सवयीने ‘बिचा—’ म्हणाली, खालची पट्टी वाचली आणि थांबली. मग तिने विचारले, ‘कोण होती हो ही?’